आबांच्या वर्तणुकीचा दाखला

मावळातल्या कान्ह्याला मी ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, त्या घराच्या भिंतीवर भाडेकरूंसाठीचे नियम निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले होते. सकाळी सातनंतर पाण्याची मोटर लावू नये. आंब्याला हात लावू नये. जिन्यात चपला काढू नयेत. पाहुण्यांनी आधी कळवून यावे. घरमालकांनी, म्हणजे आबांनी, हे नियम स्वतःच्या हाताने रंगवले होते आणि त्याच हाताने, माझ्या देखत, एकेक करून सगळे मोडलेही होते. मला उठायला उशीर झाला की आबा आठ वाजता खालून ओरडायचे, "ताई, मोटर लावलीय! पानी चालू हाय, भरून घ्या!"

"आबा, पण नियम आहे ना?"

"नियम भाडेकरूला हाय. तुमी लेकीसारख्या."

"मग भाडेकरू कोण?"

यावर आबा विचारात पडायचे. त्या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी भाड्याने राहत नव्हतं.

आबा उंच आणि काटकुळे होते. डोक्यावर पांढरी टोपी, आणि सदऱ्याच्या मागच्या कॉलरमध्ये अडकवलेली छत्री. ती ऊन असो, पाऊस असो, तिथेच लटकलेली असायची, आणि पाऊस आला की आबा ती शोधत बसायचे. भातशेती होती, दोन म्हशी होत्या, आणि एक दुःख होतं. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि आता नव्हते. ही समिती म्हणजे गावातली भांडणं गावातच मिटावीत, पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ नयेत, म्हणून ग्रामसभेने नेमलेली चार माणसं. कुणी "माजी अध्यक्ष" म्हणालं की आबांचा चेहरा कडू कारल्याची भाजी खाल्ल्यासारखा व्हायचा.

अशा माणसाच्या घरात मी काय खेळ मांडला होता, ते आता सांगायला हवं. मी जवळच्याच कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये होते. माझ्याबरोबर काम करणारी तेजल आणि लोणावळ्याच्या एका बँकेत असणारा सोहम हे दोघे दर रविवारी दुपारी माझ्या खोलीवर यायचे आणि आम्ही खेळायचो. या खेळाला पट नसतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपण आता काय करणार ते तोंडाने सांगतात. ते जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट मी सांगायचे. राजा माझा, किल्ला माझा (तो मी जवळच्या इंदुरीच्या किल्ल्यावरून बेतला होता, बुरुज तेवढे वाढवले होते), जंगल माझं आणि जंगलातले राक्षसही माझेच. सोहम शपथ घेतलेला योद्धा होता, ज्याला खोटं बोलता येत नाही. तेजल चोर होती आणि फार मनापासून होती.

प्रत्येकाच्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद, अक्कल, चपळाई लिहायची आणि त्याचा स्वभावही लिहायचा. स्वभावाचे नऊ चौकोन असतात. आडवे तीन, नियम पाळणारा, मधला आणि न पाळणारा. उभे तीन, भला, मधला आणि बुरा. इंग्रजीत या चौकोनांना भारदस्त नावं आहेत. आबांनी त्यांना आल्या आल्या मावळात आणलं. नेमाचा भला, बिननेमाचा बुरा वगैरे. पुढे आम्हीही तेच म्हणायला लागलो.

पण आबा आले कसे, ते राहिलंच. एका रविवारी तेजल जोरात ओरडली, "जाळ त्याला! जिवंत सोडू नकोस!" पाठोपाठ जिन्यावर आबांच्या चपला वाजल्या. दारात उभे राहून त्यांनी चटईवरचे कागद आणि फासे पाहिले.

"जुगार?"

"नाही आबा."

"मंग कुनाला जाळताय?"

मी समजावून सांगितलं. आबांनी ते शांतपणे ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "दोन पोरी नि एक पोरगा दार लावून जाळाजाळीच्या गोष्टी करत्यात, गाव मला काय म्हनंल? दार उघडं ठिवायचं. मी बसतो हितं."

खालून प्लॅस्टिकची खुर्ची आली. आबा दारात, आमच्याकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वरूनच सांगायचे, "काय न्हाई, पोरं अभ्यास करत्यात." असे बरेच रविवार गेले. मग एकदा राजाने हुकूम काढला, की नदीचा उतार अडवून बसलेल्या गॉब्लिनांना, म्हणजे त्या बुटक्या हिरव्या राक्षसांना, कापून काढा. सोहमच्या योद्ध्याने तलवार उपसली. खुर्चीतून, मान न वळवता, आवाज आला.

"त्या हिरव्यांचं म्हननं काय हाय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. राक्षसांचं काही म्हणणं असतं, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी काहीतरी जुळवलं. "त्यांना... पाणी हवंय."

"मंग वहिवाट कवापास्नं हाय त्यांची?"

पुढच्या रविवारी खुर्ची अर्धी वळली. त्याच्या पुढच्या रविवारी आबा चटईवर होते.

त्यांचं पात्र तयार करायला एक अख्खी दुपार गेली. टोकदार कानांचं पात्र नको, कारण टोपी बसणार नाही. जादूगार नको, कारण मंत्र पाठ होणार नाहीत. शेवटी मी त्यांना जखमा बऱ्या करणारा, गावोगाव फिरणारा पुजारी दिला. आबांनी कागदावर पुजारी खोडून 'अध्यक्ष' लिहिलं. शस्त्र कोणतं, विचारलं तर म्हणाले, "नारळ."

"आबा, नारळ हे शस्त्र नाही."

"समेट झाल्यावर काय तलवार फोडायची व्हय?"

स्वभावाच्या रकान्याशी आल्यावर मात्र ते थबकले. "हे ज्याचं त्यानं लिवायचं?"

"हो."

"सोताचं सोता? मंग गावात बुरा ऱ्हाईल कोन?"

त्या दिवसापासून आमच्या खेळात एक नवी पद्धत पडली. जगात आणखी कुठे ती नसेल. खेळ संपला की ज्याचा स्वभाव ठरवायचा त्याने जिन्यात जाऊन उभं राहायचं आणि आत बाकीच्यांनी ठरवायचं. पहिला नंबर सोहमचा लागला. त्याने राजाला दिलेला शब्द पाळताना एका म्हातारीची झोपडी पेटवली होती. "नेमाचा हाय," आबा म्हणाले, "पर भला कसा म्हनू? त्या म्हातारीला जाऊन इचारा." आम्ही 'नेमाचा मधला' लिहिलं. सोहम इतका दुखावला, की लोणावळ्याची गाडी येईपर्यंत तो स्टेशनावर एकटाच बसून राहिला. तेजलला 'बिननेमाची मधली' मिळालं आणि तिने आनंदाने दोनदा वाचून घेतलं.

आबांमुळे माझ्या गोष्टींची जी वाट लागली, तिचा एकच नमुना सांगते. मी कित्येक आठवडे खपून एक ड्रॅगन तयार केला होता. आग ओकणारा, सोन्याच्या ढिगावर झोपणारा. त्याला मारायला निदान तीन रविवार लागावेत, असा माझा हिशेब होता. आबांचा अध्यक्ष नारळ घेऊन गुहेत शिरला आणि त्याने ड्रॅगनला विचारलं, "पाव्हनं, हितं किती पिढ्या?" फासा टाकला तर वीस. वीस पडले की समोरच्याला ऐकावंच लागतं. मग आबांनी गुहेखालच्या पाड्यावरच्या लोकांनाही गुहेत बोलावलं, दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला. गावाने जत्रेला ड्रॅगनला एक बोकड द्यायचा. त्या बदल्यात ड्रॅगनने उन्हाळ्यात गावाचे राब भाजून द्यायचे. भाताची रोपं टाकण्याआधी आमच्याकडे वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. घामाघूम करणारं काम आहे. "ह्यो एका फुंकरीत समदी आळी भाजून दील," आबा म्हणाले. त्यांना या कल्पनेचा इतका मोह पडला, की नंतरचा आठवडाभर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ड्रॅगनबद्दल सांगत होते. एकाने तो भाड्याने मिळेल का, असंही विचारलं.

ड्रॅगनचा स्वभाव काय लिहायचा, यावर आमचा वाद झाला. मी 'बुरा' म्हणत होते. खेळाच्या पुस्तकात तसं छापलेलंच आहे. आबा म्हणाले, "पुस्तकवाल्यानं राब भाजलाय का कदी?" ड्रॅगन मधला ठरला. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. माझा एवढा मोठा राक्षस त्यांनी शेतमजूर करून टाकला होता.

आता हमीदभाईंकडे यायला हवं. कान्हे फाट्याजवळ, आबांच्या घरापासून हाकेवर, त्यांचं घर आणि घराला लागूनच पाइप, नळ, मोटरच्या सामानाचं दुकान होतं. दुकानात प्रत्येक नळाची पेटी आपल्या जागी, बिल दिल्याशिवाय साधा वॉशरही बाहेर जायचा नाही. ते आणि आबा एकाच बाकावर शिकले, एकाच तालमीत घुमले, समितीतही बरोबर होते. आणि मी राहायला गेले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. आबा साध्या नळाच्या तोटीसाठी थेट वडगावला जायचे, आणि जाताना भाईंच्या दुकानासमोर तेवढी छत्री कॉलरमधून काढून आडवी धरायचे.

कारण मला आबांच्या बायकोने, मावशींनी, सांगितलं. गावातल्या दोन भावांचा बांधावरून तंटा होता. मोजणीचा अर्ज गेला होता, समितीने मोजणी होईपर्यंत कुणी बांधाला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. ठरावावर पहिली सही आबांची. आणि आबांनीच एका सकाळी पहार घेऊन बांधाचे दगड हलवले. कुठे, तर शेजारच्या स्वतःच्या रानात. दोन्ही भावांना हवी तेवढी जागा मिळाली, आबांची पट्टी गेली, भांडण मिटलं. मग मोजणीवाला आला, आणि त्याचा नकाशा कशालाच जुळेना. ग्रामसभेत चौकशी झाली. भाई उभे राहिले आणि म्हणाले, "आबा नेमानं वागत न्हाईत." एवढं ऐकून आबा उठले, चपला घातल्या आणि चालते झाले. त्या सभेत त्यांचं अध्यक्षपद गेलं.

"पद गेल्याचं न्हाई एवडं," मावशी म्हणाल्या, "पर भाई बोलला त्ये लागलं."

यंदाच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत समिती नव्याने निवडायची होती. हे आम्हाला ठाऊक होतं. आबांच्या मनात काय शिजतंय, ते मात्र ठाऊक नव्हतं. त्याआधीच्या एका रविवारी माझ्या राजाने गॉब्लिनांशी तह केला होता. तहाचा कागद आबांच्या अध्यक्षानेच लिहिला होता. त्यात लिहिलं होतं, की ओलीस ठेवलेले गॉब्लिन पौर्णिमेपर्यंत किल्ल्याबाहेर जाणार नाहीत. मग ओलिसांपैकी एका हिरव्या म्हातारीच्या सुनेचं बाळंतपण जवळ आल्याचं निमित्त झालं. "तिला घरी जाया पायजे," आबा म्हणाले. त्यांच्या अध्यक्षाने पहारेकऱ्याला थाप मारली, राजाचा शिक्का म्हणून सोड्याच्या बाटलीचं बूच मेणावर उमटवलं, आणि म्हातारीबरोबर सगळेच ओलीस सोडून दिले. बाकीच्यांना का, विचारलं तर म्हणाले, "म्हातारीला सोबत नको?"

आबा जिन्यात गेले. आत आमचं अर्ध्या मिनिटात एकमत झालं. तेजलने कागदावर लिहिलं, 'बिननेमाचा भला'.

आबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्ये खोडा. नेमाचा भला लिवा."

"आबा, तुम्ही तुमचाच तह मोडलात!"

"त्ये ऱ्हाऊ द्या. मला त्यो कागद लॅमिनेशन करून ग्रामसभेत दावायचाय. बाहेरच्या, शिकल्यासवरल्या, कुनाच्या अध्यात ना मध्यात नसल्याल्या लोकांनी माजी वर्तनूक तपासून दाखला दिलाय, आसं सांगनार हाय मी."

आम्ही तिघे थक्क झालो. हा माणूस एवढे महिने आमच्या चटईवर परीक्षा देत होता! मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. तेजल म्हणाली, लिहून टाकू, काय बिघडतं. पण सोहमने हात जोडले. "आबा, माझ्या योद्ध्याला खोटं लिहिता येत नाही."

"आत्ताच तुमाला नेम आठवला व्हय?" म्हणत आबा खाली निघून गेले.

मग आबा नियमाने वागायला लागले, आणि आमचे हाल झाले. सातच्या ठोक्याला मोटर बंद. माझ्या चपला जिन्यातून उचलून अंगणात. तेजल न कळवता आली, तर तिला फाटकात उभं करून "कळवा" म्हणाले. तिने तिथूनच मला फोन केला, मी वरून हो म्हटलं, मग फाटक उघडलं. गावालाही झळ बसली. कुणाचा ट्रॅक्टर अडला तरी आबा ढकलायला जाईनात, कारण सार्वजनिक रस्त्यावर यंत्र दुरुस्त करायचं नसतं. आणि कळस म्हणजे, भाईंची शेळी नेहमीप्रमाणे आबांच्या भातात शिरली. एरवी आबा तिला भाकरीचा तुकडा दाखवून हाकलायचे. या वेळी त्यांनी तिला कायद्याने कोंडवाड्यात घातलं. मोकाट जनावरं पकडून ठेवायची ती ग्रामपंचायतीची जागा. गावात कित्येक वर्षांत तिथे कुणी कोंबडीही ठेवली नव्हती.

मावशी वर आल्या. "ताई, काय लिवायचं त्ये लिवा, पर ह्यास्नी पयल्यासारखं करा. घरात कायदा घुसलाय."

मावशींना वाटलं तसं आम्हाला काही करावं लागलं नाही. शेळीचं करडू लहान होतं. भाईंच्या परसात ते दिवसभर ओरडत होतं, आणि ते आबांच्या ओट्यावर ऐकू येत होतं. आबा आत गेले, बाहेर आले, रेडिओ लावला, बंद केला. दुपारी मी गॅलरीतून पाहिलं, आबा कोंडवाड्याकडे चालले होते. किल्ली ग्रामपंचायतीत होती. आबांनी फाटकच बिजागरीतून उचकटलं, शेळी काखेत मारली, भाईंच्या परसात नेऊन करडापाशी सोडली आणि मागे न बघता परत आले. भाई दुकानाच्या दारात उभे होते.

आबा थेट वर आले. सदऱ्याला शेळीचा वास येत होता. "लिवा," म्हणाले, "काय लिवायचं त्ये लिवा. माज्यानं व्हत न्हाई."

कागद तोच होता. खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. आबांनी तो कामशेतला जाऊन खरोखरच लॅमिनेट करून आणला.

ग्रामसभेला मीही गेले, मागे उभी राहिले. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली. समितीच्या अध्यक्षपदाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी आबांचं नाव सुचवलं. लगेच पुढच्या रांगेतून एक तरुण उठला. "आबा मानूस चांगला हाय, पर नियम पाळत न्हाई. परवाच कोंडवाड्याचं फाटक तोडलंय."

आबा उभे राहिले. छत्री मागे लटकत होती. त्यांनी खिशातून तो चकचकीत कागद काढला. मी देवाला म्हटलं, आता हे काय वाचणार!

"माजी तपासनी झालीय," आबा म्हणाले. "बाहेरच्या लोकांनी केलीय. लिवलंय, बिननेमाचा भला." सभेत हशा झाला. आबा थांबले, तो ओसरू दिला. "बराबर लिवलंय. म्हून मी माजं नाव मागं घेतो. अध्यक्ष नेमाचा पायजे. हमीदभाईला करा."

सगळ्या माना भाईंकडे वळल्या. बोलणं बंद असलेल्या माणसाचं नाव आबांनी स्वतःच्या तोंडाने घेतलं होतं. मग एक हात वर झाला, दुसरा झाला, आणि बघता बघता सगळे झाले. मीसुद्धा केला. मला मत नव्हतं, तरी केला. भाई नेमाप्रमाणे सगळे हात मोजून होईपर्यंत थांबले आणि मग उठले. त्यांनी सभेकडे पाहिलंच नाही, आबांकडे वळून बोलले.

"मी तवा ह्येच सांगत व्हतो. नेमानं वागत न्हाई, पर ह्याच्यावानी भला मानूस ह्या गावात न्हाई, आसं म्हननार व्हतो. तू निम्म्यातच चपला घालून गेलास. फुडलं समदं मी तुज्या पाठीला सांगितलं."

आबा कागदाकडे बघत राहिले. त्यांची मान हलत होती. मग त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंग मोठ्यानं वरडायचं की, लेका!"